घरच्या मिक्सरवर भजन रेकॉर्ड करताय? लॅपटॉपला नेमकं काय जातंय ते आधी बघा

गणपती जवळ आले की इकडे सिंधुदुर्गात वाडीवाडीतून एकच विचारणा सुरू होते, मंडळाचा साऊंडचा मिक्सर (सगळ्या माईकचे आवाज एकत्र करणारा) आहे, माईक आहेत, लॅपटॉप पोराचा आहे, तर घरीच भजन रेकॉर्ड करून यूट्यूबला टाकायचंय, काय कुठे लावायचं ते सांगा. हीच माणसं डबलबारीला (दोन बुवांच्या भजनाच्या सामन्याला) तोच मिक्सर झकास चालवतात हां. अडतं ते रेकॉर्डिंगला, कारण कार्यक्रमात जे काय चुकतं ते समोरच्या स्पीकरमधून लगेच ऐकू येतं, शिट्टी मारली की फेडर (आवाज कमीजास्त करायची सरकपट्टी) खाली, विषय संपला. रेकॉर्डिंगला हेडफोनमध्ये एक ऐकू येत असतं आणि लॅपटॉपला भलतंच जात असतं, आणि ते कळतं कधी तर सगळे जेवून घरी गेल्यावर. त्यामुळे खाली जे काय लिहिलंय ते सगळं एकाच प्रश्नाभोवती आहे, लॅपटॉपला काय जातंय.

पहिल्यांदा मिक्सर हातात घेऊन उलटासुलटा करून बघा. युएसबीचं भोक दिसलं म्हणजे काम झालं असं नाही. आपल्याकडे बाजारात जे स्वस्तातले मिक्सर मिळतात त्यात बऱ्याच जणांना वर युएसबी आणि ब्लूटूथ दिलेलं असतं, ते फक्त पेन ड्राईव्हवरची गाणी वाजवायला, फार तर पेन ड्राईव्हवर रेकॉर्ड करायला. त्याला वायर लावून लॅपटॉपला जोडलं तर काहीच होणार नाही. लॅपटॉपला जोडायचा पोर्ट बहुतेक वेळा चौकोनी, प्रिंटरच्या मागे असतो तसा असतो (नवीन काहींना टाईप सी). यामाहाचा एमजी१०एक्सयू, बेहरिंगरचा क्यू८०२युएसबी हे असे मिक्सर, ते लॅपटॉपला साऊंड कार्ड म्हणूनच दिसतात.

पण इथेच पहिली मेख आहे. ह्या मिक्सरांची युएसबी स्टिरिओ असते. म्हणजे आत दोन माईक लावा नाहीतर चार लावा, लॅपटॉपला ट्रॅक दोनच जाणार, डावा आणि उजवा, बाकी सगळं मिक्सरमध्येच एकत्र होऊन जाणार. चार माईकचे चार ट्रॅक वेगळे मिळतील अशा समजुतीत लोक रेकॉर्ड करतात आणि मग पखवाज जरा कमी करूया म्हणून बसतात तर पखवाजाबरोबर बुवांचा (मुख्य गाणाऱ्यांचा) आवाजही खाली जातो. प्रत्येक माईक वेगळा पाहिजे असेल तर मल्टिट्रॅकवाला मिक्सर लागतो, उदाहरणार्थ झूमचा लाईव्हट्रॅक एल-८, त्याला सहा माईक लागतात आणि तो प्रत्येकाचा वेगळा ट्रॅक थेट एसडी कार्डावर लिहितो. मंडळ नवीनच घेणार असेल तर माझं मत सरळ आहे, थोडे जास्त पैसे घालून तसला घ्या. आणि घरात एकटेच गाणार असाल तर मिक्सरच्या नादाला लागूच नका, दोन माईकवालं साधं ऑडिओ इंटरफेस (माईक युएसबीने लॅपटॉपला जोडायचा छोटा डबा) पुरतं, बटणं कमी आणि डोक्याला ताप कमी. मिक्सरचा उपयोग मंडळाला, ज्यांना तोच मिक्सर उद्या कार्यक्रमालाही न्यायचाय.

युएसबी नसलेला जुना मिक्सर असेल तरी चालतो. मागे टेप आउट नाहीतर रेक आउट असं लिहिलेली लाल-पांढरी आरसीए जोडी असते, ती घ्यायची. पण ती लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकात घालू नका, आजकालच्या लॅपटॉपला एकच भोक असतं आणि त्याला आत येणारा आवाज मोबाईलच्या हेडसेटच्या बारीक माईकचा, तोही मोनो, असाच अपेक्षित असतो, मिक्सरचा जोर त्याला झेपत नाही, सगळा आवाज फाटतो. मध्ये एखादं लाईन इनपुटवालं युएसबी साऊंड कार्ड लावा.

आता खोली. माईक कितीही भारी असूदे, खोली जर नवीन बांधलेला हॉल असेल, खाली टाइल्स, वर स्लॅब, भिंतींना पुट्टी, तर आवाज डब्यातून आल्यासारखा येणार आणि तो नंतर कुठल्याच सॉफ्टवेअरने नीट निघत नाही. मध्ये उभं राहून एक टाळी वाजवा, मागे झिंग्ग असा शेपूट आला की समजा. जुनं घर असेल तर माजघर घ्या, शेणाची जमीन, न गिलावलेल्या चिऱ्याच्या खडबडीत भिंती, कोपऱ्यात भाताची पोती, ह्याच्यासारखी खोली स्टुडिओवाले पैसे खर्चून करतात. नवीन घर असेल तर खाली सतरंज्या, आणि दोरी बांधून गोधड्या आणि वाकळ टांगा, भिंतीला चिकटवून नको, चार बोटं पुढे, आणि मुख्य म्हणजे गाणाऱ्याच्या पाठीमागे टांगा, कारण माईकचं तोंड तिकडे असतं.

पत्र्याचं छप्पर असेल तर पावसात रेकॉर्डिंग विसरा. कौलाखाली जरा तरी चालतं पण कौलाच्या फटीतून रातकिडे आत येतात, म्हणजे त्यांचा आवाज. त्यांची किरकिर साधारण ४ ते ८ किलोहर्ट्झमध्ये असते आणि गाण्यातले स, श, च आणि झांजेची चमकही तिथेच असते, त्यामुळे ती कापायला गेलात की बुवा तोंडात रुमाल धरून गातायत असं वाटतं. म्हणून रात्री सगळे मोकळे असतात तरी रात्री ठेवू नका, दुपारी जेवणानंतर दोन ते चार ठेवा, गाव झोपलेलं असतं. पंखा बंद, फ्रिज बंद (परत चालू करायला विसरू नका, मासळी असते), आणि शेजारच्या घरात सांगून ठेवा की तेवढा वेळ किचनच्या मिक्सरला मसाल्याचं वाटप लावू नका.

लाईटचं म्हणाल तर मिक्सर, लॅपटॉपचा चार्जर, स्पीकर सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावायचं. दोन वेगळ्या प्लगवर लावलं की दोन वेगळ्या मार्गांनी अर्थिंग होतं आणि मध्ये तो हूंऽऽ सुरू होतो, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे हम पण ५०, १००, १५० असाच येतो. हम घालवायला तीन पिनेच्या प्लगची अर्थची पिन काढून टाकणारे महाभाग आहेत, तसं अजिबात करायचं नाही, माईक धातूचा असतो आणि तो ओठाला लागलेला असतो, शॉक कुठे बसेल विचार करा. लॅपटॉप चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा, निम्म्या वेळा हम आणि ती किर्र किर्र तिथेच जाते. एप्रिल-मे महिन्यात आपली जांभ्याची जमीन कोरडी ठणठणीत होते आणि अर्थिंग कमकुवत होतं, तर घराच्या अर्थिंगच्या खड्ड्यात दोन-चार बादल्या पाणी ओता, वायरमन पण हेच सांगेल. इन्व्हर्टर जुना स्क्वेअर वेव्हवाला असेल तर लाईट गेल्यावर मिक्सरमध्ये गुरगुर येणारच, तेव्हा चहा प्या आणि लाईट यायची वाट बघा, साईन वेव्हवाला असेल तर फारसा प्रश्न येत नाही. मेमधला वळवाचा गडगडाट किंवा ऑक्टोबरमधला, ढगांचा आवाज आला की बटण बंद करून भागत नाही, प्लग उपटून काढायचा.

वायरी. माईकपासून मिक्सरपर्यंत एक्सएलआरची, तीन पिनेची वायर. बरेच जुने माईक एका टोकाला एक्सएलआर आणि दुसऱ्या टोकाला मोठा पाव इंची जॅक अशा वायरीने येतात, कराओकेवाले. ती वायर मिक्सरला लागते, आवाजही येतो, पण ती बॅलन्स्ड नसते आणि वर लाईन इनपुटला लागल्यामुळे माईकला पाहिजे तेवढा गेन मिळत नाही, म्हणून सगळं फुल्ल करून पण आवाज बारीक आणि मागे सूं सूं. एक्सएलआर टू एक्सएलआर वायर घ्या. तिच्यात एकच आवाज दोन तारांतून एकमेकांच्या उलटा जातो, वाटेत जो काय कचरा चिकटतो तो दोन्ही तारांना सारखाच चिकटतो, आणि मिक्सर दोन्हींतला फरक घेतो तेव्हा कचरा आपोआप वजा होतो. जिथे लाईटची वायर आणि माईकची वायर एकमेकींना भेटणारच असतील तिथे फुलीसारखी आडवी जाऊदे, शेजारी शेजारी लांबवर नको.

कंडेन्सर माईक (ज्याला चालायला मिक्सरमधून वीज लागते तो) असेल तर ४८ व्होल्टचं फँटमचं, म्हणजे ती वीज देणारं, बटण लागतं. लहान मिक्सरांना ते सगळ्या माईकना मिळून एकच असतं, ठीक आहे, शुअर एसएम५८ सारखा डायनॅमिक (अशी वीज न लागणारा) माईक एक्सएलआर वायरीने लावलेला असेल तर त्याला फँटमने काही होत नाही. फक्त क्रम पाळा, आधी फेडर खाली, मग वायर लावा, मग फँटम चालू, दहा-वीस सेकंद थांबा, मग फेडर वर. काढताना उलट. फँटम चालू असताना वायर उपटली की जो धाडकन आवाज येतो तो हेडफोन घातलेल्या माणसाचे कान बधिर करतो आणि स्पीकरची वाट लावतो. रिबन माईक असेल कोणाकडे (असला तर नशीबवान आहात) तर त्याच्या बाबतीत फँटम बंदच ठेवा.

आता गेन, हे नीट वाचा

चॅनलच्या सगळ्यात वर जो गेन आहे तो आणि खाली जो फेडर आहे तो, दोन्हींनी आवाज कमीजास्त होतो म्हणून लोकांना ते एकच वाटतं. गेन म्हणजे विहिरीवरचा पंप, फेडर म्हणजे पुढचा नळ, पंपच गढूळ पाणी उपसत असेल तर नळ कितीही बारीक करा पाणी गढूळच येणार. गेन जास्त झाला आणि आवाज फाटला की फेडर खाली आणून तो फक्त बारीक फाटका आवाज होतो.

लावायची पद्धत अशी. सगळे गेन शून्यावर, म्हणजे पूर्ण डावीकडे. सगळे इक्यू (बेस-ट्रेबलची बटणं) बारा वाजता, म्हणजे मधोमध. चॅनलचा फेडर (नाहीतर लेव्हलचं बटण) जिथे ० किंवा यू असं लिहिलंय तिथे. मेनचा फेडर पण तिथेच. आता बुवांना गायला सांगा आणि गेन हळूहळू वाढवा, मीटरवर हिरवा दिवा ० च्या आसपास नाचला पाहिजे, मधूनच वर पिवळ्यात गेला तरी चालेल, चॅनलवरची लाल पीकची लाईट मात्र पेटता कामा नये. पीएफएल नाहीतर सोलोचं बटण असेल तर ते दाबून एकेका चॅनलचा मीटर बघता येतो, ते उत्तम.

इथे सगळी मजा कशात आहे तर बुवा टेस्टिंगला काय म्हणतात त्यात. हॅलो हॅलो माईक टेस्टिंग ह्याच्यावर गेन लावायचा नाही कधी. रूपाच्या अभंगाची पहिली ओळपण नको, ती सगळे शांतपणे म्हणतात. त्यांना सांगा, बुवा, गजर घ्या, एकदम शेवटचा, जिथे पखवाज चढतो आणि सगळे ओरडून साथ करतात. त्याच्यावर गेन लावा आणि मग वर आणखी थोडा कमी करा, कारण खऱ्या टेकला माणूस टेस्टिंगपेक्षा जोरात गातो, नेहमी. लॅपटॉपवर सॉफ्टवेअरचा मीटर बघा, तिथे सगळ्यात जोराचा भाग उणे १२ ते उणे ६ डीबीच्या दरम्यान राहिला पाहिजे आणि एरवीचं गाणं उणे १८ च्या आसपास. ० ला टेकलं की गेलं. जुन्या टेपवर थोडं लालमध्ये गेलं तर आवाज जरा गोड व्हायचा, लॅपटॉपवर तसलं काही नाही, ० च्या वरचं सगळं कापलं जातं, ते परत येत नाही. २४ बिटवर रेकॉर्ड करत असाल तर आवाज बारीक आला म्हणून घाबरायचं काही कारणच नाही, नंतर वाढवता येतो. काही स्वस्त मिक्सरांची युएसबी १६ बिटचीच असते, तिथेपण उणे १२ पर्यंत ठेवून काही बिघडत नाही.

इक्यूला हात लावू नका, कारण मिक्सरवर जे फिरवाल ते कायमचं रेकॉर्ड होतं आणि लॅपटॉपमध्ये नंतर हवं तसं फिरवता येतं. एक अपवाद, लो कट नाहीतर एचपीएफचं बटण, साधारण ८० किंवा १०० हर्ट्झच्या खालचं कापतं, ते बुवांच्या माईकला दाबा, मांडीचा धक्का, स्टँडची धडधड, लांबून येणारी समुद्राची गाज, सगळं खाली जातं. पखवाजाच्या माईकला दाबू नका. कणीक लावलेल्या धुमेचा जो पोटात जाणवणारा घुमारा असतो त्यातला बराचसा तिथेच असतो, तो गेला तर पखवाज डफलीसारखा लागेल. आणि इको, म्हणजे मिक्सरमधला रिव्हर्ब, बंद. पूर्ण बंद. बुवा म्हणतील जरा इको द्या गळा मोकळा होतो, पण एकदा युएसबीत गेलेला इको बाहेर निघत नाही, नंतर लॅपटॉपमध्ये पाहिजे तेवढा घाला.

दोनच ट्रॅक मिळतायत ना, मग ते असे वापरा

प्रत्येक चॅनलवर पॅनचं बटण असतं, डावं-उजवं. बुवांचा माईक पूर्ण डावीकडे फिरवा. बाकी सगळे, पखवाज, पेटी, कोरस, पूर्ण उजवीकडे. आता लॅपटॉपला जो स्टिरिओ ट्रॅक जातो त्याच्या डाव्या अंगात फक्त बुवा आणि उजव्या अंगात बाकी सगळं, म्हणजे नंतर ऑडॅसिटी ह्या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या ट्रॅकच्या मेनूतून दोन मोनो ट्रॅक वेगळे करायचे आणि बुवांचा आवाज स्वतंत्र खाली-वर करायचा. भजनात शब्द कळले पाहिजेत, त्यामुळे एकच गोष्ट वेगळी ठेवायची मुभा असेल तर गळा वेगळा ठेवा. काही मिक्सरांवर पॅन टोकाला नेला की लेव्हल थोडी बदलते, म्हणून आधी पॅन, मग वरचं गेनचं काम.

उजव्या अंगातल्या लोकांचं आपापसातलं प्रमाण मात्र तिथेच, फेडरवर ठरवायला लागतं, ते नंतर बदलत नाही. त्यासाठी एक मिनिटभर गजर रेकॉर्ड करा, थांबा आणि सगळ्यांना ऐकवा. ह्यात पखवाजवाला म्हणणार, "बुवानू, माझो पखवाज ऐकाक येना नाय," आणि पेटीवाला म्हणणार पखवाजच ऐकू येतोय. दोघांचंही ऐकू नका, मोबाईलच्या स्पीकरवर लावून ऐका, कारण लोक तिथेच ऐकणार आहेत.

बसवायचं कसं ते फेडरपेक्षा महत्त्वाचं. साध्या कार्डिऑइड माईकला (एसएम५८ हा तसाच) पाठीमागचं सगळ्यात कमी ऐकू येतं. बुवांचा माईक बुवांकडे तोंड करून असतो, म्हणजे त्याची पाठ बुवांच्या समोरच्या माणसाकडे. मग पखवाजवाल्याला नेहमीसारखं बुवांच्या बाजूला न बसवता समोर बसवा, तोंडं एकमेकांकडे, नजरानजर पण राहते आणि बुवांच्या माईकमध्ये पखवाज कमी घुसतो. झांजवाले त्याच्याही मागे, खोलीच्या दुसऱ्या टोकाला, आणि झांजेला माईक द्यायचा नाही, ती कुठेही ठेवली तरी सगळ्या माईकमध्ये येतेच येते, लोकांना माईक न देताही ती कमी करा म्हणून सांगायची वेळ येते. दोन माईकमधलं अंतर, माईक आणि त्याच्या माणसामधल्या अंतराच्या तिप्पट तरी ठेवा, म्हणजे एकच आवाज दोन माईकमध्ये थोडा मागेपुढे शिरून जो पोकळ, नळीतून आल्यासारखा होतो तो होत नाही.

डायनॅमिक माईक तोंडापासून चार बोटांवर, कंडेन्सर असेल तर वीतभर लांब आणि मध्ये पॉप फिल्टर, नसेल तर माईक तोंडाच्या अगदी समोर न धरता किंचित बाजूला तिरका. अगदी ओठाला लावला की आवाजात बेस वाढतो, काही बुवांना तेच आवडतं, मग दर ओळीला मागेपुढे होतात आणि आवाज बदलत राहतो, म्हणून स्टँड पाहिजे, हातात माईक नको. पखवाजाला एकच माईक असेल तर पुढून, मधोमध, दीड-दोन वितींवर, आणि धुमेच्या बाजूचा नाहीतर शाईच्या बाजूचा आवाज जास्त येतोय असं वाटलं तर माईक हलवा, इक्यू नको. पेटीचा माईक वरून फूटभर उंचीवर, सुरांच्या बाजूला, भात्याच्या बाजूला नाही, नाहीतर हवेची फुसफुस पहिली ऐकू येते. लाकूड करकरणारी पेटी असेल तर ती त्या दिवशी दुसऱ्याची मागून आणा.

हेडफोन आणि तो परत फिरून येणारा आवाज

सगळे एकत्र बसून गातायत तर हेडफोन फक्त रेकॉर्ड करणाऱ्याने घालायचा, कान झाकणारा. मेनचे स्पीकर बंद. बाकी कोणाला काही लागत नाही, ते रोज जसं एकमेकांचं ऐकून गातात तसंच गाऊदेत. पॅनमुळे तुम्हाला एका कानात बुवा आणि दुसऱ्यात बाकीचे असं विचित्र ऐकू येईल, येऊदे, ते बरोबर आहे.

भानगड होते ती आधी वाजवलेल्या ट्रॅकवर नंतर गायचं असेल तर. लॅपटॉपमधला ट्रॅक युएसबीने मिक्सरमध्ये येतो, तिथून जर तो मेनमध्ये गेला तर मेनमधून परत लॅपटॉपला जातो, म्हणजे नव्या गाण्याच्या ट्रॅकमध्ये जुना पखवाज पण रेकॉर्ड होतो, आणि सॉफ्टवेअरचं मॉनिटरिंग पण चालू असेल तर तो गोल गोल फिरत इको होऊन वाढत जातो. मिक्सरवर युएसबी किंवा टू-ट्रॅक ह्या नावाखाली दोन बटणं नाहीतर एक स्विच असतो, टू मेन (किंवा टू एसटी) आणि टू फोन्स (किंवा टू मॉनिटर). मेनवालं सोडा, फोनवालं दाबा. आणि सॉफ्टवेअरमध्ये आत येणारा आवाज परत ऐकवायची सोय बंद करा, ऑडॅसिटीच्या जुन्या आवृत्त्यांत तिला सॉफ्टवेअर प्लेथ्रू म्हणायचे, कारण तुमचा आवाज तुम्ही मिक्सरमधून थेट ऐकताच आहात, लॅपटॉपमधून फिरून आलेला थोडा उशिरा पोचतो आणि गाणारा तालात अडखळतो. पडताळायचं कसं तर माईकचे फेडर सगळे खाली घ्या, जुना ट्रॅक वाजवा आणि नव्या ट्रॅकवर रेकॉर्ड दाबा, सरळ रेघ आली पाहिजे. काहीही हललं तर स्विच चुकीचा आहे.

लॅपटॉपमध्ये विंडोज असेल तर साऊंड सेटिंगमध्ये जाऊन इनपुट म्हणून मिक्सर निवडा, बेहरिंगरचे बरेचसे तिथे युएसबी ऑडिओ कोडेक ह्या नावाने दिसतात, ब्रँडचं नाव शोधत बसू नका. विंडोज त्याला कधीकधी माईक समजून एकच चॅनल देतं, मग तुमचं डावं-उजवं सगळं वाया, म्हणून प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्डला २ चॅनल आहे ना बघा, एन्हान्समेंट बंद करा. ऑडॅसिटीतपण वर रेकॉर्डिंग चॅनल स्टिरिओ करा. यामाहाच्या एमजी एक्सयू मालिकेला त्यांचा स्टाईनबर्ग युएसबी ड्रायव्हर टाकून घ्या. ऑडॅसिटी फुकट आहे, रीपर साठ दिवस वापरून बघता येतं, दोन्ही चांगली. ४८ किलोहर्ट्झ ठेवा कारण व्हिडिओला तेच चालतं, २४ बिट स्टिरिओला मिनिटाला साधारण १७ एमबी लागतात, म्हणजे तासाला १ जीबीच्या आसपास, तेवढी जागा आधीच मोकळी करा. बफरची (लॅपटॉप एका वेळी जेवढा आवाज साठवून घेतो त्याची) साईज फक्त रेकॉर्ड करायचं असेल तर ५१२ किंवा १०२४ ठेवा, टिकटिक येत नाही. वायफाय आणि ब्लूटूथ बंद, मोबाईल दुसऱ्या खोलीत (टूं टूं अशी मोबाईलची लुडबूड माईकच्या वायरीत येते). मोबाईलवर व्हिडिओ घेणारा असेल त्याचा एअरप्लेन मोड, आणि सुरुवातीला सगळ्यांसमोर एक जोरात टाळी, नंतर व्हिडिओतला आवाज आणि हा आवाज त्या टाळीवर जुळवता येतो.

पावसाळ्याचं वेगळं सांगायलाच पाहिजे, कारण बाहेरच्या व्हिडिओत कोणी हे सांगत नाही. आपल्याकडे वर्षाला ३००० मिलीमीटरच्या वर पाऊस, वर खारी हवा, मिक्सरचे खटके आणि पिना जून ते सप्टेंबरमध्ये हिरवट पडतात. फेडर हलवला की खर्र खर्र, एक बाजू मध्येच जाते मग जॅक हलवला की येते, हे बहुतेक वेळा गंजाचं काम. कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे मिळतो इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात, मिक्सर बंद करून, प्लग काढून, फेडरच्या फटीत थोडासा मारा आणि फेडर वीस-पंचवीस वेळा वरखाली करा, वाळूदे, मग लावा. सायकलला मारायचा ऑईलचा स्प्रे नको, खोबरेल तर नकोच, तेलावर धूळ बसून आणखी चिकट होतं. कंडेन्सर माईकच्या आतला पडदा ओलाव्याने तडतडतो, म्हणून तो हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद गरम करा, परत निळे होतात. मिक्सर आठवड्यातून एकदा तासभर चालू करून ठेवला तरी आतली ओल बरीच जाते, मग बंद करून वरून कापड टाका, प्लॅस्टिक गुंडाळू नका, आत घाम धरतो.

रेकॉर्डिंग झालं की सगळ्यात आधी फाईल पेन ड्राईव्हवर कॉपी करा, लोक जायच्या आधी, आणि कॉपी उघडून ऐका. मग घरी बसून ट्रॅक वेगळे केलेत की दोन्ही मोनो ट्रॅकचे पॅन मधोमध आणा, हे राहून जातं आणि मग यूट्यूबवर खाली सगळे लिहितात की माझ्या एका कानात बुवाच नाहीत. बुवांच्या ट्रॅकला थोडा रिव्हर्ब, पखवाज-पेटीच्या ट्रॅकला त्याहून कमी, दोन्ही मिळून सगळ्यात जोराचा भाग उणे १ डीबीपर्यंत आणा आणि डब्ल्यूएव्ही फाईल काढा, एमपी३ व्हॉट्सॲपला पाठवायला वेगळी काढा. उगाच आवाज फुगवून शून्याला टेकवू नका, यूट्यूब स्वतःच तो उतरवतं.